डागडुजीची शेवटची तारीख

पिरंगुटचा बाजार मागे टाकून पौडच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात कासार आंबोली येते. आमचे जुने घर तिथे आहे. गाव सोडून मला पन्नास वर्षे झाली, तरी दिवाळीच्या आधी चार दिवस जाऊन घराच्या झाडलोटीला हात लावायचा हा नेम चुकलेला नाही. निदान वहिनींनी तो चुकू दिलेला नाही. २०२५ सालच्या आश्विनात गेलो तेव्हा मुळशीतला पाऊस कुठे उघडीप देऊ लागला होता, शेतातले भात पिवळे पडत होते, आणि ओसरीवर माळ्यावरून उतरवलेल्या सामानाचा ढीग पडला होता. दोन पितळी घागरी, एक हंडा, आजोबांची चंची, काच फुटलेला कंदील, आणि या सगळ्यांच्या पंगतीला बसवावेत तसे तीन संगणक.

“काका, येत्या मंगळवारी विंडोज टेन संपतेय,” पुतण्या म्हणाला. “ही तिन्ही डबडी एकदमच भंगारात घालू या का?”

“संपतेय म्हणजे काय? बुधवारी बटण दाबले तर चालू होणार नाही?”

“होईल की. पण त्यांच्याकडून दुरुस्ती येणार नाही.”

हे उत्तर मला मोठे मजेशीर वाटले. चालणारे यंत्र, आणि ते संपले म्हणून घरात सुतक! पण विचार केला तेव्हा पोराचे म्हणणे पुरते खोटेही नव्हते. वाचकांपैकी ज्यांनी हा विषय नातवंडांवर सोपवून दिला आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. संगणकात एक कारभारी असतो. त्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कोणती कळ दाबली, कोणता कागद कोणत्या कप्प्यात ठेवला, छापायचे यंत्र कुठे जोडले आहे, हे सगळे तोच पाहतो. विंडोज हा असाच एक कारभारी. हा कारभारी फार हुशार असला तरी त्याच्या वाड्याला फटी असतात. चोर त्या शोधून काढतात आणि कंपनी त्या बुजवत राहते. अशी डागडुजी दर महिन्याला घरबसल्या येते. ती बंद होण्याची तारीख कंपनी आधीच जाहीर करते. विंडोज टेन २९ जुलै २०१५ रोजी आले आणि त्याच्या डागडुजीची शेवटची तारीख १४ ऑक्टोबर २०२५ ही ठरली. त्या वर्षी वसुबारस होती सतरा तारखेला. म्हणजे जगभरच्या कोट्यवधी संगणकांचा हा प्रश्न आमच्या घरी नेमका चकलीच्या भाजणीत येऊन पडला होता.

पुतण्याला वाटत होते, हा प्रकार नवा आहे. मला मात्र १९७८ साल आठवले.

तेव्हा मी मुंबईच्या एका कचेरीत कार्डे पंच करण्याच्या कामाला होतो. संगणक हा शब्द अजून आमच्या तोंडी बसला नव्हता. आम्ही ‘मशीन’ म्हणत असू, आणि मशीन म्हणजे आयबीएम. त्या कंपनीचे १४०१ नावाचे यंत्र १९५९ साली अमेरिकेत जाहीर झाले आणि पुढे आपल्या देशातही ठिकठिकाणी बसले. थंड हवेच्या खोलीत ठेवलेले, कपाटाएवढे. त्याची स्मरणशक्ती जास्तीत जास्त सोळा हजार अक्षरांची. आज पुतण्याच्या खिशातल्या फोनने काढलेला एक फोटो त्याच्या दोनशेपट जागा सहज खातो. पण त्या सोळा हजार अक्षरांत पगारपत्रके होत, विम्याचे हप्ते लागत, कारखान्यांचे हिशेब बसत.

ही यंत्रे बहुधा विकत मिळत नसत. ती भाड्याने असत, आणि भाड्यातच देखभाल आली. टाय लावलेला इंजिनियर पेटी घेऊन येई, दार बंद करून आत काहीतरी करी, आणि यंत्र पुन्हा खडखडू लागे. आत काय चालते हे आम्हांला कळत नसे आणि कळावे अशी कुणाची इच्छाही नसावी. परदेशात जुनी झालेली यंत्रे इथे आणून, साफसूफ करून भाड्याने देतात, अशी टीका त्या काळी कंपनीवर पुष्कळ झाली. टीका करणाऱ्यांचा राग मला समजतो. पण ती ‘जुनी’ यंत्रे इथे वर्षानुवर्षे इमानाने चालली, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मग १९७३ चा परकीय चलनाचा कायदा आला. परदेशी कंपन्यांनी इथल्या धंद्यातला आपला वाटा चाळीस टक्क्यांवर आणावा, असा त्याचा रोख होता. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि त्या कायद्याची अंमलबजावणी नेटाने सुरू झाली. कोका-कोला गेले ते सगळ्यांच्या लक्षात राहिले, कारण ते बाटलीत होते. आयबीएमनेही मालकी सोडण्यापेक्षा देश सोडणे पसंत केले, आणि १९७८ च्या जून महिन्यापासून तिचा इथला कारभार बंद झाला.

आमच्या कचेरीत त्या दिवसांत पसरलेली भीती मला अजून आठवते. यंत्र तर जागेवरच होते. तेच दिवे, तोच आवाज. पण दार बंद करून आत जाणारा माणूस आता येणार नव्हता. एखादा पट्टा तुटला, एखादी पाटी जळाली, तर? पगाराची तारीख तर पुढे ढकलता येत नाही. आमचे हेडक्लार्क रोज सकाळी यंत्राच्या खोलीच्या दाराला हात लावून नमस्कार करीत. मी हसत असे. आता हसत नाही.

सुदैवाने दिल्लीत कुणीतरी आधी विचार केला होता. १९७५ च्या अखेरीस सरकारने एक कंपनी काढून ठेवली होती. तिचे नावच मुळी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे संगणकांची डागडुजी करणारे महामंडळ. पुढे सगळे तिला सीएमसी म्हणू लागले. आयबीएम गेल्यावर देशभरातल्या आठशेच्यावर ठिकाणांची देखभाल तिने अंगावर घेतली. आयबीएमच्याच काही जुन्या नोकरांनी वेगळी कंपनीही काढली. सुटे भाग नसले तर एका बंद यंत्राचे काढून दुसऱ्याला लावायचे, वायरी जोडायच्या, कागदोपत्री माहिती नसली तर यंत्र उघडून शिकायचे, असा तो काळ. ज्या कंपनीने जुन्या यंत्रांची उस्तवार करता करता हात बसवला, तिनेच ऐंशीच्या दशकात रेल्वेच्या तिकिटांचे आरक्षण संगणकावर आणले. खिडकीशी रात्रभर रांगेत बसण्याची शिक्षा ज्यांनी भोगली आहे, त्यांना त्या कामाचे मोल सांगायला नको. सीएमसी पुढे टाटांकडे गेली आणि २०१५ साली टीसीएसमध्ये विलीन झाली.

तुलनेला आणखी एक उदाहरण मनात येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी बांधलेला टिफरॅक हा संगणक १९६० साली चालू झाला. त्यात दोन हजार सातशे निर्वात नळ्या होत्या आणि त्या मधूनमधून जळत. पण जळली तर काय, बांधणारे हात तिथेच होते! त्या यंत्राला डागडुजीची शेवटची तारीख कुणी परक्याने दिली नाही. संस्थेत मोठे परदेशी यंत्र आल्यावर त्याचे काम आपोआप संपले.

घरगुती संगणक आले आणि या तारखा कॅलेंडरावर छापल्यासारख्या येऊ लागल्या. विंडोज ९५ गेले, ११ जुलै २००६ ला ९८ गेले, ८ एप्रिल २०१४ ला एक्सपी, १४ जानेवारी २०२० ला सेव्हन. यातली एक्सपीची जाण्याची तऱ्हा मोठी चिवट. जाऊनही ते गेलेच नाही. २०१८ साली रिझर्व्ह बँकेला फर्मान काढावे लागले, की बँकांनी आपल्या एटीएम यंत्रांतले जुने कारभारी टप्प्याटप्प्याने बदलून जून २०१९ पर्यंत काम पुरे करावे. म्हणजे एक्सपीची डागडुजी थांबून चार वर्षे झाली तरी आपण पेन्शनचे पैसे ज्या भिंतीतल्या यंत्रातून काढत होतो, त्यांतल्या कित्येकांत तोच निवृत्त कारभारी नोटा मोजत होता.

आणि चोर खरोखर येतात. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा प्रकार जगभर पसरला. कागदपत्रांना कुलूप लावायचे आणि किल्लीसाठी खंडणी मागायची. ब्रिटनमधली इस्पितळे अडली. त्याच वर्षी जून महिन्यात आलेल्या दुसऱ्या एका लाटेने आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एका कंपनीचे कंटेनर-टर्मिनल ठप्प केले. यात एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. वॉनाक्रायने बळी घेतले ते बहुतेक एक्सपीचे नव्हेत, विंडोज सेव्हनचे. ती फट बुजवणारी डागडुजी दोन महिने आधीच येऊन पडली होती. लोकांनी ती लावून घेतली नव्हती. वैद्य दारात उभा आणि रोगी पुडी उशाशी ठेवून झोपलेला! तेव्हा तारीख संपल्याची भीती बाळगणाऱ्यांनी तारीख संपायच्या आधीची आपली वागणूकही एकदा तपासून पाहावी.

हे सगळे मी पुतण्याला ओसरीवर बसून सांगितले. त्याने ऐकले, आणि विचारले, “बरे, पण ह्यांचे काय करायचे?”

पुण्यातल्या एका दुकानदाराने त्याला तिन्ही टाकून तीन नवे घ्यायचा सल्ला दिला होता. दुकानदाराने दुसरा कोणता सल्ला द्यावा! आम्ही लहान होतो तेव्हा दिवाळीच्या तोंडावर कल्हईवाला गावात येई. जमिनीत भट्टी, भाता, नवसागराचा तो नाकात जाणारा धूर, आणि काळे पडलेले पातेले चांदीसारखे होऊन बाहेर यायचे. गावाच्या नावातच कासार, त्यामुळे मला वाटायचे, हे सगळे आमच्या गावचेच शास्त्र. कल्हईवाल्याने कधी आईला सांगितले नाही, की बाई, हे पातेले टाका. पण एखाद्याला भोक पडलेले असले, तर ते बाजूला काढून ठेवी, तेही खरे. म्हणून म्हटले, आधी एकेक उजेडात धरून पाहू.

पहिला नातीच्या अभ्यासाचा. त्यात विंडोज टेन होते. नव्या विंडोज अकराच्या अटी कडक आहेत: इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा मेंदू हवा, चार गिगाबाइट स्मृती हवी, आणि टीपीएम नावाची किल्ल्या सांभाळणारी चिप हवी. हा संगणक बसतो की नाही हे सांगणारा छोटा प्रोग्रॅम कंपनीच देते. त्याने सांगितले, नापास. पुतण्या निराश झाला. मग सूनबाईने शोधून काढले, की चिप आहे, पण यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये ती झोपवून ठेवली आहे. तिला जागे केले आणि तोच नापास पोरगा पास झाला. कागदपत्रांची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतली, दुसरी पेन-ड्राइव्हवर, आणि मग रात्रभर ते नवे प्रकरण उतरत राहिले. मध्ये वीज गेली तेव्हा सगळ्यांचे श्वास अडकले. पण इन्व्हर्टरने लाज राखली.

दुसरा पुतण्याच्या भाताच्या आणि दुधाच्या हिशेबाचा, पिढीने जुना. तो काही केल्या बसेना. अशांसाठी कंपनीने वाढीव डागडुजीची सोय जाहीर केली होती: घरगुती संगणकांना वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तीस डॉलरांत, आणि काही अटी मानल्या तर फुकटही. धंदेवाल्या कचेऱ्यांना पहिल्या वर्षी यंत्रामागे एकसष्ट डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षे. सावकाराच्या व्याजासारखा हा हिशेब ऐकून वहिनी आतून म्हणाल्या, “मेल्यांनो, त्यापेक्षा म्हैस घ्या.” आम्ही दुसरी वाट धरली. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेला लिनक्स हा कारभारी फुकट मिळतो, आणि जुन्या यंत्रावर हलक्या पावलाने चालतो. पेन-ड्राइव्हवरून तो आधी नुसता चालवून पाहिला, छपाईचे यंत्र ओळखतो का ते पाहिले, मराठी अक्षरे नीट दिसतात का ते पाहिले, आणि मगच त्याला घरात घेतले. पुतण्या दोन दिवस कुरकुरला. तिसऱ्या दिवशी त्याचे हिशेब चालू होते.

राहिला तिसरा. तो दादाचा.

माझा थोरला भाऊ पुण्यात छापखान्यात जुळारी होता. खिळे जुळवण्यात हयात गेली, आणि नव्वदीच्या सुमारास छापखान्यात संगणक आले तेव्हा पन्नाशीला टेकलेला हा माणूस नव्याने शिकला. निवृत्तीनंतर एक्सपीचा संगणक घरी आणून त्याने एकच काम केले. आमच्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या लिहून काढल्या. आमच्या मुळशीच्या बायकांच्या ओव्यांना विद्वानांनीही मान दिला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी या डोंगरी भागापासून सुरुवात करून महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर लोकांसमोर येऊ लागल्या. पण आत्याकडे कुणी आले नव्हते. तिच्या ओव्या होत्या फक्त या डबड्यात. दादा गेला, आत्या त्याच्याही आधी गेली. डागडुजी बंद होऊन अकरा वर्षे झालेला तो संगणक वहिनी दर दसऱ्याला पुसून, हळदकुंकू वाहून, पुन्हा झाकून ठेवीत.

फाइल नव्या यंत्रावर नेली तर काय दिसावे? इंग्रजी अक्षरे, आकडे, टिंबे आणि स्वल्पविराम यांची खिचडी.

याला कारण आहे, आणि ते आपल्या भाषेच्या अलीकडच्या इतिहासातले आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. क म्हणजे कितवा क्रमांक, हे सगळ्यांनी मिळून ठरवायला हवे. आपल्या लिप्यांसाठी तसा सरकारी प्रमाणक्रम १९८८ मध्ये आणि सुधारून १९९१ मध्ये झाला. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले काम पुढे आमच्या पुण्यातल्या सी-डॅकने वाढवले. पण छपाईच्या धंद्यात ज्याची त्याची सोय. प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपापल्या पद्धतीने मराठी वळणे बसवली. त्यांचा फॉन्ट असेल तोवर मराठी; नसेल तर खिचडी. शिवाय काही प्रोग्रॅमना संगणकाच्या पाठीमागे एक कुलपाचा ठोकळा लावावा लागे, आणि तो लावायचे भोकच नव्या यंत्रांना नाही. युनिकोड हा सर्व जगाचा क्रम आला, विंडोज २००० पासून तो संगणकात मुरू लागला, तोवर मराठीचा डोंगराएवढा मजकूर या खासगी घरांत टाइप होऊन गेला होता.

हे वाचून कुणाला मोडीची आठवण झाली तर नवल नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत. शाई शाबूत, कागद शाबूत, पण वाचणारा हवा. सरदेसायांनी १९३० पासून चार-पाच वर्षांत त्यांतले निवडक पंचेचाळीस खंडांत छापले ते मोडी वाचणारी माणसे हाताशी होती म्हणून. गंमत अशी, की ज्या २०१४ साली एक्सपीची डागडुजी बंद झाली, त्याच वर्षी मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्वतःचे क्रमांक मिळाले. एक कारभारी निवृत्त होत असताना दुसरा, त्याच्याहून कितीतरी जुना, पुन्हा नोकरीवर रुजू!

दादाच्या संगणकाची इंटरनेटची तार आम्ही प्रथम काढली. फटी असलेल्या वाड्याचे दार रस्त्याकडे उघडे ठेवू नये. मग मजकूर पेन-ड्राइव्हवर घेऊन युनिकोडमध्ये फिरवणाऱ्या प्रोग्रॅममधून काढला. नव्वद टक्के सरळ आला. उरलेल्या दहा टक्क्यांत मी चार दिवस बसलो. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी दिसते तशीच, अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडला ती अक्षरानंतर लागते. रफाराचे उलटे. तो जुन्यात अक्षर झाल्यावर वर चढवायचा, नव्यात त्याचा र आधी येतो. त्यामुळे वेलांट्या शेजारच्या घरी गेलेल्या, रफार भलत्याच्या डोक्यावर, आणि ‘तुझ्या दाऱ्याशी’मधला तो अर्धा र तर पार गायब. जुळाऱ्याचा भाऊ असूनही मी आयुष्यात एवढे शुद्धलेखन तपासले नव्हते. वहिनी जुन्या संगणकाच्या पडद्यासमोर बसून वाचीत आणि मी नव्यावर दुरुस्त करी. त्यांना वाचायची गरज नसे. पहिले दोन शब्द दिसले की पुढचे त्या चालीवर म्हणत. लग्न होऊन आल्यावर आत्याच्या समोर जात्याला बसणारा दुसरा हात त्यांचाच होता.

दादाने ओव्यांना क्रमांक घातले होते, एक ते तीनशे बारा. एकशे शहाऐंशीनंतर एकशे सत्त्याऐंशीचा आकडा होता आणि पुढे कोरी जागा. मला वाटले, फिरवताना मजकूर गळला. जुन्या पडद्यावर पाहिले, तिथेही कोरीच. आत्याला विचारून घालू म्हणून त्याने जागा सोडली असावी, आणि मग राहून गेले.

“वहिनी, ही कोणती असेल हो?”

त्यांनी आधीची ओवी पुन्हा वाचली, डोळे मिटले, आणि उजवा हात मांडीवर हळूहळू गोल फिरू लागला. पहिली ओळ आली. मी टाइप केली. दुसरी निम्मी आली आणि त्या एकदम उठल्या.

“थांबा भावोजी, तेलात चकल्या आहेत माझ्या.”

मी कळांवर बोटे ठेवून थांबलो.